जॉर्जियातले ‘मामा’

त्बिलिसी ही जॉर्जियाची राजधानी. तिथल्या टेकडीवर १९५८ पासून एका बाईचा भलाथोरला पुतळा उभा आहे. तिच्या एका हातात पाहुण्यांसाठी वाइनचा वाडगा, दुसऱ्या हातात शत्रूसाठी तलवार. पुतळ्याचं नाव ‘कार्तलिस देदा’, म्हणजे कार्तली प्रांताची आई. जॉर्जियन भाषेत आई म्हणजे ‘देदा’. आणि ‘मामा’ म्हणजे चक्क वडील! चर्चमधल्या पाद्रीबाबांनाही तिथे ‘मामाओ’ अशी हाक मारतात. ‘पापा’ म्हणाल तर आजोबा.

आपल्याकडे मामा म्हणजे आईचा भाऊ. शिवाय चांदोमामा आहे, चौकात शिट्टी वाजवणारा ट्रॅफिकवाला मामा आहे, आणि कुणी गंडवलं की आपलाच ‘मामा’ होतो. पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिलीत, चिनी भाषेत, पेरूतल्या केचुआत मात्र ‘मामा’ म्हणजे आई. या भाषांचं एकमेकींशी कसलंही नातं नाही. मग हा शब्द सगळ्यांकडे पोचला कसा?

पोचला नाही, तो जागोजागी नव्याने तयार झाला. साधारण सहा ते दहा महिन्यांचं मूल एकच अक्षर घोळवू लागतं: बाबाबा, मामामा, दादादा. प, ब, म हे ओष्ठ्य वर्ण. ओठ मिटायचे आणि उघडायचे, जिभेला फारसं काम नाही. भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोबसन यांनी यापुढचा एक तर्क मांडला. दूध पिताना तोंड गुंतलेलं असतं, त्यामुळे बाळाला फक्त नाकातून हुंकार देता येतो. पुढे भूक लागली किंवा आई दिसली की तोच हुंकार निघतो, आणि तोंड उघडलं की त्याचा ‘मा’ होतो. मानववंशशास्त्रज्ञ जॉर्ज मर्डॉक यांनी जगभरातून आईवडिलांसाठीचे १०७२ शब्द जमवले होते. त्यांत आईसाठीच्या ५५ टक्के शब्दांत म, न यांसारखे अनुनासिक वर्ण होते, वडिलांसाठीच्या शब्दांत जेमतेम १५ टक्के.

पण हा कल आहे, कायदा नव्हे. बाळाला सुरुवातीला कुणालाच हाक मारायची नसते. ‘बघ, मला हाक मारली!’ म्हणून अर्थ चिकटवतात ती घरातली मोठी माणसं. जॉर्जियात तो बापाला चिकटला, ऑस्ट्रेलियातल्या पित्जांत्जात्जारा भाषेतही बापालाच. आपली ‘आई’ तर या हिशेबात बसतच नाही, तिच्यात व्यंजनच नाही! ‘बाबा’चंही तसंच. मराठीत, तुर्कीत, स्वाहिलीत तो बाप. रशियनमध्ये ‘बाबा’ म्हणजे बाई किंवा म्हातारी.

सगळ्यात मजेदार गोष्ट जपानची. १५१६ सालच्या एका जपानी कोड्यांच्या संग्रहात विचारलंय: आईसाठी दोनदा भेटतात, वडिलांसाठी एकदाही नाही, ते कोण? उत्तर आहे ओठ. आजच्या जपानी माणसाला हे कोडं उलगडत नाही, कारण आई म्हणजे ‘हाहा’ आणि वडील म्हणजे ‘चिची’. दोन्ही म्हणताना ओठ लांबच राहतात. याचा अर्थ सरळ आहे: त्या काळी ‘हाहा’चा उच्चार ओठ जवळ आणून, ‘फाफा’सारखा होत असणार. त्याआधी तो ‘पापा’ होता. जपानीत शब्दारंभीच्या ‘प’चा ‘फ’ आणि पुढे बहुतेक ठिकाणी ‘ह’ होत गेला. आता गंमत बघा, आजची जपानी मुलं वडिलांना ‘पापा’ म्हणतात, पण तो पाश्चात्त्यांकडून आलेला. एकेकाळी तिथे आईचा असलेला उच्चार असा वडिलांच्या नावावर चढला.

मामा-बाबांच्या मागे निदान बाळाचं तोंड तरी आहे. कधीकधी तेवढंही कारण नसतं. ऑस्ट्रेलियात उत्तर क्वीन्सलँडमध्ये म्बाबरम नावाची भाषा होती. आर. एम. डब्ल्यू. डिक्सन हे भाषाशास्त्रज्ञ ती शेवटच्या काही जाणकारांकडून टिपून घेत होते. कुत्र्याला काय म्हणता, असं विचारल्यावर उत्तर आलं, ‘डॉग’. इंग्रजांकडून उचललेला शब्द वाटेल, पण तसं नाही. शेजारच्या यिदिन भाषेत कुत्र्याला ‘गुदागा’ म्हणतात. म्बाबरममध्ये अशा शब्दांचं पहिलं अक्षर आणि शेवटचा स्वर गळत गेला, मधला स्वर बदलला, आणि उरला ‘डॉग’. निव्वळ योगायोग. माणसाच्या तोंडून सहज निघणारे ध्वनी मोजकेच, आखूड शब्दांत ते जुळवण्याचे प्रकारही मोजकेच, आणि भाषा मात्र हजारो. अशा टकरी व्हायच्याच.

म्हणून दोन शब्द सारखे दिसले की ‘हा मूळचा आपलाच’ म्हणणारे व्हॉट्सॲप फॉरवर्ड मला पटत नाहीत. भाषांचं नातं ठरवताना तज्ज्ञ पाहतात तो ध्वनींचा नियमित फरक. संस्कृतातला ‘प’ इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला ‘फ’ होऊन भेटतो: पितृ आणि फादर, पाद आणि फूट, पंच आणि फाइव्ह. पंच आणि फाइव्ह कानाला अजिबात सारखे लागत नाहीत, तरी ते एकाच कुळातले. ‘डॉग’ आणि ‘डॉग’ मात्र एकमेकांचे कुणीच नाहीत.