पहिलं सहज झालं, म्हणून दुसरंही?

‘पहिल्या वेळी पटकन दिवस राहिले, मग चाळिशीत दुसऱ्यांदा का अडेल?’ हा समज फार जुना. पण आधीच्या बाळंतपणामुळे स्त्रीबीजांचं वय थांबत नाही. मुलगी जन्मते तेव्हाच तिच्या अंडाशयांत सुमारे १० ते २० लाख स्त्रीबीजं असतात. त्यांची संख्या पुढे घटतच जाते. पस्तिशीनंतर दर्जाही झपाट्याने उतरतो, गुणसूत्रांतल्या चुका वाढतात, गर्भपातही. बाळाला डाउन सिंड्रोम (एक गुणसूत्र जास्त असल्याने होणारा जन्मजात विकार) असण्याची शक्यता पंचविशीत साधारण १,२५० मध्ये १, तर चाळिशीत १०० मध्ये १. पाळी नियमित येते एवढ्यावर विसंबू नये. पस्तिशीनंतर सहा महिने प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, तर दोघांनीही तपासणी करून घ्यावी. नवऱ्याचंही वय वाढलेलं असतंच.