कालचा पाऊस आजच्या ओळीत

पानशेतच्या पाणलोटात रात्रभर पाऊस झाला, तर त्याचे सगळे पाणी लगेच धरणात येत नाही. डोंगरउतारावरून ओढ्यांत आणि ओढ्यांतून नदीत येईपर्यंत काही काळ जातो. तारीख, पाऊस आणि धरणसाठा असे तीन रकाने असलेल्या तक्त्यात मात्र आजचा पाऊस आजच्याच साठ्याशेजारी बसतो. कारण एका ओळीत, परिणाम पुढच्या ओळीत, आणि संगणकाचे बहुतेक हिशेब ओळीपुरतेच. म्हणून पावसाचा आणखी एक रकाना तयार करून तो एक घर खाली सरकवतात, म्हणजे कालचा पाऊस आजच्या ओळीत येतो. याला लॅग म्हणतात. उलट, उद्याचा साठा आजच्या ओळीत आणला की ती लीड.

या युक्तीची झेप केवढी, हे गिल्बर्ट वॉकर यांच्या कामातून कळते. १९०४ ते १९२४ या काळात भारतीय हवामान खात्याचे प्रमुख असताना त्यांनी दूरदूरच्या ठिकाणांच्या, काही महिने आधीच्या नोंदींवरून मोसमी पावसाचा अंदाज बांधण्याची सूत्रे तयार केली.

रकाना सरकवण्याची आज्ञा एका ओळीची आहे. चुका होतात त्या तिच्याआधी. ही आज्ञा ओळी मोजते, दिवस मोजत नाही. समजा, १३ आणि १४ जुलैच्या नोंदी राहून गेल्या, तर १५ तारखेच्या ओळीत ‘कालचा’ म्हणून १२ तारखेचा पाऊस येऊन बसतो आणि संगणक कोणतीही तक्रार करत नाही. त्यामुळे आधी तारखेनुसार क्रम लावावा, गहाळ तारखांच्या ओळी पावसाचे घर रिकामे ठेवून घालाव्यात आणि मगच रकाना सरकवावा. टेमघर, वरसगाव आणि पानशेतच्या नोंदी एकाखाली एक असतील, तर प्रत्येक ठिकाणाचा गट वेगळा करणेही तितकेच आवश्यक आहे. नाहीतर टेमघरचा शेवटचा दिवस वरसगावच्या पहिल्या दिवसाचा ‘काल’ ठरतो. पहिल्या ओळीला ‘काल’ नसतो, म्हणून ते घर रिकामेच राहू द्यावे. तेथे शून्य भरणे मला गंभीर चूक वाटते, कारण शून्य म्हणजे पाऊस मोजला आणि तो पडला नव्हता, असे विधान होते.

आणखी एक बारकावा नोंदीच्या वेळेचा. हवामान खात्याच्या पद्धतीत सकाळी साडेआठला मागील २४ तासांचा पाऊस मोजून त्याच दिवसाच्या तारखेला लिहितात. म्हणजे १२ जुलैच्या आकड्यातला बराचसा पाऊस ११ तारखेचा असतो आणि रकाना न सरकवताही थोडा विलंब त्यात आधीच मुरलेला असतो.

लीडबाबत अधिक सावध राहावे लागते. उद्याचा साठा हे आपल्याला शोधायचे उत्तर म्हणून तक्त्यात असणे योग्यच आहे. पण तोच रकाना अंदाजाच्या आधारांमध्ये मिसळला, तर जुन्या नोंदींवर अंदाज अचूक येतात आणि प्रत्यक्षात, उद्याचा आकडा हाती नसताना, ते सूत्र निरुपयोगी ठरते. आज्ञांची नावेही फसवी असतात: पायथन या संगणकभाषेतील पांडाज या तक्ते हाताळणाऱ्या संचात रकाना सरकवणाऱ्या शिफ्ट या आज्ञेला १ दिला की लॅग आणि उणे १ दिला की लीड मिळते, तर आर भाषेतील मूळ लॅग आज्ञा साध्या रकान्यातले आकडे जागचे हलवतच नाही. म्हणून रकाना तयार झाल्यावर मुसळधार पावसाची एखादी तारीख निवडून तिच्या मागची-पुढची ओळ मूळ नोंदवहीशी बोट ठेवून ताडून पाहावी.