वजन घटवणारी औषधे

भूक, तृप्तीची जाणीव किंवा अन्नातील मेदाचे शोषण यांवर परिणाम करून शरीराचे वजन कमी करणारी आणि नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकता येणारी औषधे. त्यांना स्थूलतारोधक औषधे असेही म्हणतात. बाजारात याच नावाखाली खपणारी चूर्णे, ‘स्लिमिंग’ चहा व पूरक गोळ्या या नोंदीच्या कक्षेत येत नाहीत. त्यांचा उल्लेख एका कारणाने करावा लागतो : ‘संपूर्ण वनस्पतिजन्य’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा उत्पादनांत सिब्युट्रामीन हे बाद झालेले औषध मिसळलेले असल्याचे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला (एफडीए) वारंवार आढळले आहे. चिठ्ठी टाळण्यासाठी असे उत्पादन घेणाऱ्याच्या पोटात चिठ्ठीवरचे औषध जाते, तेही मात्रा ठाऊक नसताना.

प्राचीन उल्लेख : चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २१ व्या, ‘अष्टौनिंदितीय’ या अध्यायात आठ निंद्य शरीरांमध्ये अतिस्थूलाची गणना असून आयुष्याचा ऱ्हास, दौर्बल्य, घामाचा त्रास, अतिक्षुधा, अतितृषा इ. आठ दोष त्याच्या ठिकाणी सांगितले आहेत. संहितेचा मूळ गाभा सामान्यतः इ. स. पू. दुसरे ते इ. स. दुसरे शतक या दरम्यानचा मानतात. दृढबल या संपादकाने नंतर भर घातलेल्या भागात हा अध्याय मोडत नाही, त्यामुळे तो जुन्या थरातला असावा. ‘गुरु चातर्पणं चेष्टं स्थूलानां कर्शनं प्रति’ हे तेथील सूत्र, म्हणजे पचायला जड पण पोषण न करणारे द्रव्य स्थूलाला द्यावे. जठर सावकाश रिकामे करणाऱ्या आजच्या औषधांशी याचे साम्य दाखवण्याचा मोह काही लेखकांना होतो. मात्र चरकाचा रोख आहार व ‘लेखन’ (मेद खरवडून काढणाऱ्या) द्रव्यांवर आहे, हे पाहता साम्य वरवरचे वाटते.

माघारीचा इतिहास : आधुनिक काळात १८९० च्या दशकात अवटू (थायरॉइड) ग्रंथीचा अर्क वजन घटवण्यासाठी देऊ लागले. १९३३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील कटिंग व टेंटर यांनी डायनायट्रोफिनॉलचा पुरस्कार केला. पेशींतील ऊर्जा साठवली न जाता उष्णतेच्या रूपाने वाया जावी, ही या रसायनाची क्रिया. वजन झपाट्याने उतरे, पण मात्रा थोडी जास्त झाली तर ताप आटोक्यात येत नसे. मोतीबिंदू व मृत्यूही घडले. १९३८ च्या अमेरिकी अन्न व औषध कायद्यानंतर ते औषध म्हणून संपले. उतारा नसलेले हे विष आजही इंटरनेटवरून मागवले जाते, म्हणून त्याचे नाव येथे देणे भाग आहे.

अँफेटामीन वर्गातील (भूक मारणाऱ्या उत्तेजक) गोळ्या दुसऱ्या महायुद्धानंतर फोफावल्या. फेंटरमीनला अमेरिकेत १९५९ मध्ये मान्यता मिळाली. १९९० च्या दशकात ते फेनफ्लुरामीनबरोबर देण्याची टूम निघाली. ‘फेन-फेन’ या जोडीला एकत्रित औषध म्हणून मान्यता कधीच नव्हती. जुलै १९९७ मध्ये मेयो क्लिनिकमधील डॉक्टरांनी ही जोडी घेणाऱ्या २४ स्त्रियांच्या हृदयाच्या झडपांतील बिघाड नोंदवला आणि सप्टेंबरमध्ये फेनफ्लुरामीन बाजारातून काढून घेण्यात आले. फेंटरमीन राहिले, कारण दोष फेनफ्लुरामीनचा असे मत रूढ झाले. पुढे रिमोनाबँट (युरोपात २००६ ते २००८, नैराश्य व आत्महत्येचे विचार), सिब्युट्रामीन (२०१० मध्ये माघार, भारतात २०११ मध्ये बंदी, हृदयविकार व पक्षाघात) आणि लॉर्कासेरीन (२०१२ ते २०२०, कर्करोगाची शंका) यांचीही तीच गत झाली. या वर्गातील नव्या औषधाबद्दल डॉक्टरांनी सावध असणे हे या अनुभवातून आले आहे; त्याला जुनाट वृत्ती म्हणणे बरोबर नाही.

आजच्या औषधांचे मूळ : सध्याची बहुतेक चर्चा जीएलपी-१ या आतड्यातील संप्रेरकाची नक्कल करणाऱ्या इंजेक्शनांभोवती आहे [→ मधुमेह]. आतड्याच्या अर्काने मधुमेह सुधारतो का, हे लिव्हरपूल येथे १९०६ मध्येच तपासले गेले होते. आतड्यातून स्रवून इन्शुलीन वाढवणाऱ्या अशा संप्रेरकांसाठी ‘इन्क्रेटिन’ हा शब्द बेल्जियन शास्त्रज्ञ ला बार यांनी १९३२ च्या सुमारास रूढ केला असे सामान्यतः मानतात.

ही औषधे सरड्याच्या विषापासून बनतात, अशी एक समजूत वृत्तपत्रांनी पसरवली आहे. तिच्यात अर्धेच तथ्य आहे. अमेरिकेच्या वाळवंटी प्रदेशात गिला मॉन्स्टर हा विषारी सरडा आढळतो. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील माजी सैनिकांच्या रुग्णालयातील जॉन एंग यांनी त्याच्या विषातून एक्झेंडिन-४ हे ३९ ॲमिनो अम्लांचे पेप्टाइड वेगळे केले व १९९२ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्यावरून सिद्ध झालेले एक्झेनाटाइड २००५ मध्ये मधुमेहासाठी आले. मानवी जीएलपी-१ शी त्याचे साम्य सुमारे ५३ टक्के भरते. लिराग्लुटाइड व सेमाग्लुटाइड यांची वाट वेगळी : ती मानवी संप्रेरकावरूनच घडवलेली असून सेमाग्लुटाइडचे साम्य सुमारे ९४ टक्के आहे. मूळ संप्रेरक रक्तात जेमतेम दोन मिनिटे टिकते. सेमाग्लुटाइडमध्ये दोन ॲमिनो अम्ले बदलून एक मेदाम्ल साखळी जोडली आहे. ती रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून राहते आणि औषधाचे अर्धायुष्य (रक्तातील प्रमाण निम्मे होण्यास लागणारा काळ) आठवड्याच्या आसपास जाते. आठवड्यातून एकदाच टोचून भागते ते यामुळे. सरड्याचा वाटा एवढाच की टिकाऊ रेणू शक्य आहे हे त्याने दाखवले.

श्रेयाचा वादही आहे. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये जोएल हॅबनर यांच्या गटाने ग्लुकॅगॉन या संप्रेरकाच्या पूर्वद्रव्याचे जनुक उलगडले; जीएलपी-१ हा त्याच पूर्वद्रव्याचा भाग आहे. जीएलपी-१ मधला नेमका कोणता तुकडा (७ ते ३७ क्रमांकांची ॲमिनो अम्ले) क्रियाशील, हे स्वेतलाना मोयसोव्ह यांनी ओळखले व कृत्रिमरीत्या तयार केले. तरी सुरुवातीच्या पेटंटांवर नाव एकट्या हॅबनर यांचे होते. मोयसोव्ह यांनी झगडून आपले नाव घालून घेतले. कोपनहेगन येथे जेन्स यूल होल्स्ट यांचा गट साधारण त्याच काळात, १९८७ च्या आसपास, त्याच निष्कर्षाला पोहोचला होता. २०२४ चा लास्कर पुरस्कार हॅबनर, मोयसोव्ह व औषधनिर्मितीतील लोट्टे ब्येरे क्नुडसेन यांना मिळाला; होल्स्ट त्यात नव्हते. उपलब्ध लेखांवरून मोयसोव्ह यांचे श्रेय पूर्वी कमी लेखले गेले हे मान्य करावे लागते.

परिणाम : सेमाग्लुटाइड २.४ मिग्रॅ.च्या १,९६१ व्यक्तींवरील चाचणीत (२०२१) ६८ आठवड्यांत वजन सरासरी १४.९ टक्के घटले, नकली औषधावर २.४ टक्के. टिर्झेपॅटाइड हे जीएलपी-१ बरोबर जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकाचेही काम करते. १५ मिग्रॅ. मात्रेवर ७२ आठवड्यांत घट २०.९ टक्के होती (२०२२). ऑर्लिस्टॅट अन्नातील सुमारे ३० टक्के मेद न पचता बाहेर काढते. तेलकट जेवणानंतर त्याचा पुरावा कपड्यांवर दिसतो. भारतात टिर्झेपॅटाइड मार्च २०२५ मध्ये व स्थूलतेसाठीचे सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये दाखल झाले.

कोणासाठी : मूळ मान्यता बीएमआय (किलोग्रॅममधील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) ३० किंवा अधिक, अथवा २७ सोबत मधुमेह, रक्तदाब यांसारखा विकार, अशी आहे. भारतीयांसाठी २००९ च्या सहमतीने स्थूलतेची सीमा २५ ठरवली. या फरकाची उकल करणारे उदाहरण पुण्याचे आहे. के. ई. एम. रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये दोघांचे एकत्र छायाचित्र प्रसिद्ध केले. बीएमआय दोघांचाही २२.३, शरीरातील मेद मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के, याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. तेव्हा केवळ काट्यावर न विसंबता कंबरेचा घेर (पुरुष ९० सेंमी., स्त्रिया ८० सेंमी.) व रक्ततपासणी पाहणाऱ्या मताकडे झुकणे योग्य दिसते. लग्नाआधी चार किलो उतरवणे हा कोणत्याच निकषात बसणारा हेतू नाही.

मात्रा व मोजमाप : सेमाग्लुटाइड आठवड्याला ०.२५ मिग्रॅ.पासून सुरू करून साधारण दर चार आठवड्यांनी ०.५, १, १.७ व २.४ मिग्रॅ.पर्यंत नेतात, टिर्झेपॅटाइडची सुरुवात २.५ मिग्रॅ. सुरुवातीची मात्रा वजन उतरवण्यासाठी नसते, जठराला सवय व्हावी म्हणून असते. ‘पहिल्या महिन्यात काहीच फरक नाही’ म्हणून मात्रा परस्पर वाढवणे हे उलट्यांचे नेहमीचे कारण. त्रास होत असेल तर डॉक्टर पुढची पायरी लांबवतात.

पेनमध्ये मात्रा ठरलेली असते, खरा घोटाळा कुपी व सिरिंज वापरताना होतो. औषध मिलिग्रॅममध्ये सांगितले जाते, द्रव मिलिलिटरमध्ये असतो आणि हाती येणाऱ्या इन्शुलीन सिरिंजवर रेघा युनिटच्या असतात. एफडीएने जुलै २०२४ मध्ये दिलेल्या इशाऱ्यात, मिश्रण करून विकलेल्या सेमाग्लुटाइडच्या कुपीतून काही रुग्णांनी ठरल्यापेक्षा ५ ते २० पट मात्रा टोचून घेतल्याचे म्हटले आहे. भारतात यात एक भर पडते : येथे लाल टोपणाची यू-४० आणि नारिंगी टोपणाची यू-१०० अशा दोन सिरिंज एकाच दुकानात मिळतात. टिर्झेपॅटाइडच्या २.५ मिग्रॅ. कुपीतील मात्रा ०.५ मिलि. आहे. यू-१०० सिरिंजवर ती ५०च्या रेघेशी येते, यू-४० वर २०च्या. एखाद्याने यू-४० साठी सांगितलेला ‘२०’ हा आकडा यू-१०० वर ओढला, तर शरीरात ०.२ मिलि., म्हणजे फक्त १ मिग्रॅ. औषध जाईल. म्हणून डॉक्टरांकडून मात्रा मिलिग्रॅम व मिलिलिटर या दोन्हींत लिहून घ्यावी आणि युनिटचा आकडा शेजाऱ्याकडून घेऊ नये. सुई बदलली तरी एकच पेन दोघांनी वापरणे धोक्याचे असते, कारण रक्त पेनमध्ये मागे शिरू शकते.

स्थूलतेसाठीच्या सेमाग्लुटाइडची मात्रा चुकली आणि पुढची ४८ तासांहून जास्त दूर असेल तर आठवताच घेतात, नाहीतर सोडून देतात. टिर्झेपॅटाइडसाठी ही मुदत चुकल्यापासून ९६ तासांची आहे. दुहेरी मात्रा घेत नाहीत. दोन-तीन मात्रा सलग चुकल्या असतील तर पुन्हा खालच्या पायरीवरून सुरू करावे का, हे डॉक्टरांना विचारावे.

साठवण : २ ते ८ अंश से. तापमानात, बर्फाच्या कप्प्यापासून दूर. एकदा गोठलेले पेन वितळल्यावर नेहमीसारखे दिसले तरी टाकून द्यावे लागते. फ्रिजबाहेर ३० अंशांपर्यंतच, तेही सेमाग्लुटाइड (२.४ मिग्रॅ. पेन) २८ दिवस आणि टिर्झेपॅटाइड २१ दिवस. माहितीपत्रकातील ‘खोलीचे तापमान’ म्हणजे मे महिन्यातील चंद्रपूर किंवा अकोल्याची खोली नव्हे. प्रवासात बर्फाची पिशवी पेनला थेट टेकू देऊ नये.

दुष्परिणाम व सावधगिरी : मळमळ, उलट्या, जुलाब, बद्धकोष्ठ हे नेहमीचे. थोडे थोडे खाणे व तेलकट टाळणे याने ते बरेच आवरतात. ‘एकादशी दुप्पट खाशी’ हा प्रघात मात्र येथे बाधतो : दिवसभर रिकामे पोट आणि मग तुपातली साबुदाण्याची खिचडी, असे केल्यास सावकाश रिकामे होणारे जठर ते परत पाठवते. सोबत ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलीन चालू असेल तर उपवासात साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. ती औषधे कमी करण्याचा निर्णय आधीच झालेला हवा. पोटात वरच्या बाजूला पाठीपर्यंत जाणारी, न थांबणारी कळ स्वादुपिंडदाहाची असू शकते. तेव्हा पुढची मात्रा न घेता रुग्णालय गाठावे. पित्ताशयातील खडे आणि उलट्या-जुलाबांनी पाणी कमी पडून मूत्रपिंडाला होणारी इजा यांचीही नोंद आहे. सेमाग्लुटाइडमुळे क्वचित, दहा हजारांत एखाद्याला, दृष्टिचेतेला (डोळ्याच्या मज्जातंतूला) इजा होते असा निष्कर्ष युरोपीय औषध संस्थेने जून २०२५ मध्ये काढला. म्हणून अचानक दिसेनासे झाल्यास दुर्लक्ष करू नये. घटणाऱ्या वजनात मेदाबरोबर स्नायूही असतात. त्यासाठी डाळी, अंडी, दूध व वजन उचलण्याचा व्यायाम सांगतात.

अवटू ग्रंथीच्या मेड्युलरी कर्करोगाचा स्वतःचा वा कुटुंबातील इतिहास असल्यास ही इंजेक्शने देत नाहीत. हा निषेध उंदरांवरील निरीक्षणातून आला आहे, माणसांतील पुरावा निर्णायक नाही. तरी तो पाळला जातो. टिर्झेपॅटाइडमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचे शोषण घटते, म्हणून सुरुवातीला व प्रत्येक वाढीनंतर चार आठवडे निरोधसारखे दुसरे साधन वापरायला सांगतात. शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञाला या इंजेक्शनाविषयी सांगणे आवश्यक आहे, कारण उपाशी असूनही जठरात अन्न राहिलेले असू शकते. ते किती आधी थांबवावे याबद्दल मते बदलली. २०२३ चा अमेरिकी सल्ला साप्ताहिक मात्रा एक आठवडा आधी थांबवण्याचा होता. २०२४ मध्ये बहुतेकांनी औषध चालू ठेवावे व जोखीम असणाऱ्यांनी आदला दिवस पातळ आहारावर राहावे असा झाला.

थांबवणे : सेमाग्लुटाइड बंद केलेल्यांपैकी पाहणीत राहिलेल्या व्यक्तींचे गमावलेल्या वजनापैकी सरासरी दोन-तृतीयांश वजन वर्षभरात परतले. रक्तदाबातील सुधारणाही बरीचशी ओसरली. शेवटच्या इंजेक्शनानंतर औषध शरीरात पाच ते सात आठवडे राहते. यामुळेच गर्भधारणेचा विचार असणाऱ्या स्त्रियांना ते किमान दोन महिने आधी थांबवायला सांगितले जाते.