कच्छचा निवाडा आणि सर क्रीकची शिल्लक

पश्चिम सरहद्दीवरचा एक वाद भारत आणि पाकिस्तानने त्रयस्थांपुढे नेला, निकाल पाळला आणि खांब रोवून मिटवला. तो कच्छच्या रणाचा. त्याच रणाच्या पश्चिम टोकाला असलेली सुमारे 96 किलोमीटरची सर क्रीक ही खाडी मात्र अजून वादातच आहे. खाडीच्या वादाचे मूळ मुंबई सरकारच्या दप्तरात सापडते. सिंध 1936 पर्यंत मुंबई इलाख्याचा भाग होता, त्यामुळे सिंधचे अधिकारी आणि कच्छचे राव (तिथले संस्थानिक) यांच्यात हद्दीची कुरबुर झाली की कागद मुंबईला येत.

अशीच एक कुरबुर खाडीकाठच्या जळाऊ लाकडावरून झाली. तिच्यावर तोडगा म्हणून 24 फेब्रुवारी 1914 रोजी मुंबई सरकारने ठराव केला आणि सोबत नकाशा जोडला. ठरावाच्या नवव्या परिच्छेदात हद्द नकाशावरच्या हिरव्या रेषेने सांगितली आहे, आणि ती रेषा खाडीच्या पूर्व काठाने जाते. दहाव्या परिच्छेदात मात्र खाडी पात्र बदलत असल्यामुळे हद्द नौकानयनाच्या पात्राच्या मध्याने धरावी, असे म्हटले आहे. पाकिस्तान नवव्या परिच्छेदावर बोट ठेवतो, भारत दहाव्यावर. एकाच कागदाने दोन्ही पक्षांना इतका भरभक्कम आधार दिल्याची उदाहरणे थोडीच असतील. खाडीच्या माथ्यापासून पूर्वेकडे जाणारी निळ्या ठिपक्यांची रेषाही याच ठरावातली. तिच्यावर 1923-24 मध्ये खांब उभारले गेले.

त्या रेषेच्या पूर्वेला खरे रण पसरले आहे. 1948 मध्ये पाकिस्तानने हद्द 24 व्या अक्षांशाजवळून, म्हणजे रणाच्या साधारण मधून जाते असा दावा मांडला. वादातला प्रदेश सुमारे 3,500 चौरस मैल, म्हणजे 9,000 चौरस किलोमीटर. 1956 मध्ये छाड बेटावर चकमक झाली आणि 9 एप्रिल 1965 रोजी पाकिस्तानने भारताच्या सरदार चौकीवर हल्ला केला. ब्रिटनचे पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी मध्यस्थी केली आणि 30 जून 1965 रोजी करार झाला.

हा करार बारकाईने वाचण्याजोगा आहे. 1 जानेवारी 1965 ची स्थिती पूर्ववत करायची. आधी मंत्र्यांनी बोलायचे, त्यातून तोडगा निघाला नाही तर तिघांचा लवाद. प्रत्येक देशाने एक सदस्य नेमायचा, पण तो दोन्हीपैकी कोणत्याही देशाचा नागरिक नसावा. अध्यक्षावर एकमत झाले नाही तर संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी नाव द्यायचे. निकाल बंधनकारक राहील, कोणत्याही कारणाने त्याला आव्हान देता येणार नाही, आणि अंमलबजावणी पूर्ण होईपर्यंत लवाद बरखास्त होणार नाही. शेवटचे कलम फार मोलाचे, कारण सीमेचे निकाल बहुधा कागदावरून जमिनीवर उतरताना अडतात. मंत्र्यांची बैठक झालीच नाही. सप्टेंबरमध्ये तर सरळ युद्ध पेटले. तरीही लवादाची यंत्रणा मोडली नाही, कारण पुढची पायरी दोघांच्या नव्या संमतीवर ठेवलेलीच नव्हती.

भारताने युगोस्लाव्हियाचे आलेश बेबलर, पाकिस्तानने इराणचे नसरुल्ला एन्तेझाम यांना नेमले. सरचिटणीस ऊ थांट यांनी स्वीडनचे न्यायाधीश गुन्नार लागेरग्रेन यांना अध्यक्ष केले. जिनिव्हात लवादापुढे भारताच्या बाजूने सी. के. दफ्तरी आणि नानी पालखीवाला हे विधिज्ञ उभे होते. भारताची भिस्त सर्वेक्षण खात्याच्या नकाशांवर आणि ब्रिटिशकालीन प्रशासकीय कागदांवर होती: रण सगळे कच्छचे, हद्द उत्तर काठाने. पाकिस्तानचे म्हणणे असे की रण हा पाण्याचाच प्रदेश, तेव्हा हद्द मध्यातून न्यावी. शिवाय उत्तर भागात सिंधचाच अंमल होता.

19 फेब्रुवारी 1968 चा निवाडा दोन विरुद्ध एक असा आला. 24 वा अक्षांश मान्य झाला नाही आणि सुमारे 90 टक्के प्रदेश भारताकडे राहिला. मात्र धारा बन्नी आणि छाड बेट इथल्या चराईवर सिंधच्या पोलिसांची देखरेख दीर्घकाळ होती आणि कच्छकडून तसा अंमल दिसला नाही, म्हणून ती गवताळ बेटे पाकिस्तानला मिळाली. कंजरकोटही तिकडे गेले. सिंधमधल्या नगरपारकरच्या दोन्ही अंगांना आत शिरलेले रणाचे फाटे पाकिस्तानला देताना लागेरग्रेन यांनी वेगळेच कारण दिले: ते परक्या मुलखात ठेवले तर कटकटी होत राहतील, शांतता आणि स्थैर्य महत्त्वाचे. भारतात सर्वाधिक राग याच भागावर निघाला, आणि तो अकारण नव्हता. दावा हक्काचा होता, उत्तर मात्र सोयीचे मिळाले. बेबलर यांनी भारताच्या बाजूने भिन्नमत नोंदवले.

इकडे कच्छमध्ये सत्याग्रह झाला, आणि मधु लिमये यांच्यासह अनेकांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केल्या. त्यांचा आधार म्हणजे बंगालमधला बेरुबारीचा भाग पाकिस्तानला देण्याविषयी याच न्यायालयाने 1960 मध्ये दिलेले मत: प्रदेश दुसऱ्या देशाला द्यायचा तर घटनादुरुस्ती लागते. 9 जानेवारी 1969 रोजी न्यायालयाने भेद केला. आपला असल्याबद्दल वादच नाही असा प्रदेश देणे वेगळे, आणि मुळात अनिश्चित असलेली हद्द लवादाने ठरवणे वेगळे. दुसऱ्यासाठी सरकारचा कार्यकारी अधिकार पुरेसा. त्यानंतर सीमाखांबांचे काम 1969 मध्ये पूर्ण झाले.

सर क्रीक लवादाच्या कक्षेत नव्हती. निळ्या ठिपक्यांच्या रेषेवर दोघांचे एकमत असल्यामुळे लवादाने तिच्या पूर्वेपुरतेच पाहिले. तेव्हा त्या चिखलाला फारशी किंमत नव्हती. 1982 च्या समुद्रविषयक करारानंतर किनाऱ्यापासून 200 सागरी मैलांचे हक्क आले. खाडीच्या तोंडाशी जमिनीची हद्द थोडी सरकली तरी समुद्रातली रेषा दूरवर सरकते, आणि मासे, तेल, वायू यांचा हिशेब बदलतो. पात्राच्या मध्याचे तत्त्व फक्त नौकानयनयोग्य जलमार्गांना लागू, असे पाकिस्तान म्हणतो. भरतीला इथे बोटी चालतात, हे भारताचे उत्तर. 2007 मध्ये दोघांनी मिळून सर्वेक्षण केले, पण रेषा ठरली नाही.

हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाची वाटही मोकळी नाही. याच परिसरात 10 ऑगस्ट 1999 रोजी पाकिस्तानी नौदलाचे अटलांटिक विमान भारताने पाडले आणि पाकिस्तान हेगला गेला. या न्यायालयाचा अधिकार मान्य करताना भारताने 1974 च्या घोषणेत राष्ट्रकुलातील देशांशी असलेले वाद वगळले होते. त्या आधारे 21 जून 2000 रोजी न्यायालयाने 14 विरुद्ध 2 मतांनी आपल्याला अधिकारक्षेत्र नसल्याचे सांगितले. 1972 च्या सिमला करारापासून भारत द्विपक्षीय चर्चेचाच आग्रह धरतो. त्यामुळे 1965 सारखा खास करार दोघांनी पुन्हा केला, तरच खाडीचा प्रश्न एखाद्या लवादापुढे जाईल.