शेजारून आणलेलं यीस्ट

विरजण बिघडलं की आपण वाटी घेऊन शेजारी जातो. पश्चिम नॉर्वेतले शेतकरी बिअरच्या यीस्टसाठी पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले. वॉस, हॉर्निन्डाल भागातल्या बोलीत या घरगुती यीस्टला ‘क्वाइक’ म्हणतात. पेटवणं, चेतवणं या अर्थाच्या जुन्या नॉर्स क्रियापदाशी त्याचं नातं आहे. मला हा शब्द फार नेमका वाटतो. चूल विझली की निखारा शेजारून आणायचा, तसंच हे.

बिअर आंबून झाली की यीस्टचा साका काढून लाकडी कड्यांच्या माळेवर, भोकं पाडलेल्या ओंडक्यावर किंवा फडक्यावर वाळवायचा आणि टांगून ठेवायचा. पुढची बिअर कधीकधी सहा महिन्यांनी, कधी वर्षाने. तेव्हा तो बार्लीच्या माल्टच्या गोड पाण्यात सोडायचा, तेही पाणी चांगलं कोमट असताना. एल बिअरचं नेहमीचं यीस्ट २० अंश सेल्सिअसच्या आसपास खूश असतं. ३५ च्या पुढे नेलं तर बिअरला उग्र, झोंबरा वास येतो. वॉसमध्ये मात्र ३९ अंशांना क्वाइक घालतात. दोन दिवसांत आंबण्याचं मुख्य काम उरकतं आणि वास येतो संत्र्यासारखा!

हे जमतं कसं? या पेशींमध्ये ट्रेहॅलोज नावाची साखर भरपूर साठते. उष्णतेत आणि कोरडेपणात ती पेशीचं आवरण नि प्रथिनं सांभाळते. जे यीस्ट वाळवण्यात मेलं, ते पुढच्या पिंपात पोचलंच नाही. सूक्ष्मदर्शकाचं तोंडही न पाहिलेल्या माणसांनी केलेली ही निवड आहे, आणि ती पाळीव जनावरांच्या पैदाशीइतकीच खरी आहे. २०१८ साली कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठातल्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह या यीस्टची जनुकं तपासली, तेव्हा क्वाइक हा बिअरच्या यीस्टमधला वेगळाच गट निघाला.

विसाव्या शतकात दुकानातलं यीस्ट आलं आणि बहुतेक घरांतल्या माळा रिकाम्या झाल्या. मूळचे सॉफ्टवेअर अभियंते असलेल्या लार्स मारियस गार्शोल यांनी गावोगाव फिरून उरलेल्या घरांची पद्धत नोंदवली, नमुने प्रयोगशाळांकडे पाठवले, आणि जगभरच्या छोट्या ब्रुअरी क्वाइक वापरू लागल्या.

एक गोष्ट मात्र खटकते. बाजारात मिळणारं क्वाइक बहुधा एकाच वाणाचं असतं. घरच्या माळेवर अनेक वाण एकत्र नांदतात, काही ठिकाणी जिवाणूही. ती वस्ती पाकिटात मावलेली नाही. ती अजून तिथल्या घरांतच आहे.