ईस्टरची पौर्णिमा आणि कांद्याची सालं

नाताळ 25 डिसेंबरला, हे शाळकरी पोरही सांगतं. येशूच्या पुनरुत्थानाचा सण ईस्टर कधी, असं विचारलं की पुण्याच्या कॅम्पातली ख्रिस्ती कुटुंबंसुद्धा आधी दिनदर्शिका उलटतात. 2024 साली तो 31 मार्चला होता, 2025 मध्ये 20 एप्रिलला, 2026 मध्ये 5 एप्रिलला. 22 मार्च ते 25 एप्रिल या पस्तीस दिवसांत तो कुठेही पडू शकतो. आपल्याला याचं नवल वाटायला नको. गणपती तरी कुठे दरवर्षी एकाच तारखेला येतात?

नियम एका ओळीचा आहे: वसंतसंपाताच्या, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे होतात त्या दिवशीची किंवा त्यानंतरची पहिली पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा रविवार. पौर्णिमाच रविवारी आली तर सण पुढच्या रविवारी. मेख पुढेच आहे. चर्च त्यासाठी आकाशाकडे बघत नाही. संपात कायमचा 21 मार्चला धरलेला आणि पौर्णिमा कोष्टकातून काढलेली. 2019 साली भारतीय वेळेप्रमाणे 21 मार्चच्या पहाटे संपात झाला आणि त्याच सकाळी पौर्णिमा. आकाशाच्या हिशेबाने ईस्टर 24 मार्चला यायला हवा होता. पण कोष्टकातली पौर्णिमा 20 तारखेची, म्हणजे एक दिवस आधीची. ती बाद झाली आणि सण थेट 21 एप्रिलला गेला.

हे कोष्टक 19 वर्षांच्या चक्रावर उभं आहे. 19 सौर वर्षांत जवळजवळ नेमके 235 चांद्रमास बसतात, फरक दोनेक तासांचा. आता 19 गुणिले 12 म्हणजे 228. उरलेले सात महिने कुठे गेले? आपल्याकडे तेच सात अधिक महिने. धोंड्याच्या महिन्यात जावयाला अनारसे मिळतात आणि ईस्टर एकदम महिनाभर पुढे उडी मारतो, दोन्हींच्या मुळाशी गणित एकच.

1900 ते 2099 या काळासाठी हा हिशेब कागदावर दोन मिनिटांत होतो. पद्धत गाउस या गणितज्ञाची. 2027 घ्या. 19 ने भागल्यावर बाकी 13, 4 ने भागल्यावर 3, 7 ने भागल्यावर 4. पहिल्या बाकीची 19 पट करून 24 मिळवा: 271. त्याला 30 ने भागून बाकी 1. आता दुसऱ्या बाकीची दुप्पट, तिसरीची चौपट, या नव्या बाकीची सहापट आणि वर 5: 6, 16, 6 आणि 5 मिळून 33. 7 ने भागून बाकी 5. शेवटी 22 मध्ये 1 आणि 5 मिळवा, 28 मार्च. बेरीज 31 च्या वर गेली तर 31 वजा करून एप्रिल धरायचा. ही रीत फसते ती चारच वर्षी: 1954, 1981, 2049 आणि 2076. त्या वर्षी उत्तर एक आठवडा पुढचं येतं, तेवढे सात दिवस मागे यायचं.

ईस्टरची पौर्णिमा बहुतेक वर्षी आपली चैत्री पौर्णिमाच असते. 2026 मध्ये हनुमान जयंती 2 एप्रिलला, ईस्टरआधीचा शुक्रवार, गुड फ्रायडे, 3 तारखेला. पण 2024 आणि 2027 या वर्षी ती होळीची पौर्णिमा. कारण आपलं पंचांग निरयन आहे, म्हणजे सूर्याची जागा तार्‍यांवरून मोजतं. संपातबिंदू तार्‍यांच्या मानाने हळूहळू मागे सरकतो, तो सरक आता सुमारे 24 अंशांचा झाला आहे. म्हणून संपात 20-21 मार्चला होतो, पण सूर्य मेषेत जातो 14 एप्रिलच्या सुमारास. मार्चच्या शेवटच्या आठवड्यातली पौर्णिमा चर्चच्या लेखी वसंतातली, आपल्या लेखी बहुधा फाल्गुनातली.

ग्रीस, रशिया, सर्बिया इथल्या ऑर्थोडॉक्स चर्चचा सण बऱ्याचदा वेगळ्या रविवारी येतो, कारण ती मंडळी तारीख जुन्या ज्यूलियन पंचांगाने काढतात. ते वर्ष 365.25 दिवसांचं, म्हणजे ऋतुवर्षापेक्षा 11 मिनिटांनी मोठं. सुमारे 128 वर्षांत एक दिवस चुकतो. 1582 साली पोप ग्रेगरी तेरावे यांनी 4 ऑक्टोबरनंतर थेट 15 ऑक्टोबर आणून हे दुरुस्त केलं, पण सगळ्यांनी ते मानलं नाही. आज दोन्ही पंचांगांत 13 दिवसांचं अंतर आहे, शिवाय जुन्या कोष्टकातली पौर्णिमा खऱ्या चंद्राच्या चारेक दिवस मागे रेंगाळते. 2025 मध्ये दोघांचा रविवार एकच आला, 2024 मध्ये पाच आठवड्यांचं अंतर पडलं.

आता अंडी. पूर्वी युरोपात ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात मांसाबरोबर अंडीही वर्ज्य असत. कोंबडीला याची खबर नसते. तिचं अंडी घालणं दिवसाच्या उजेडावर ठरतं. थंडीत दिवस लहान, तेव्हा ती जवळपास थांबते आणि मार्चमध्ये दिवस वाढू लागला की जोरात सुरू होते. खायची बंदी आणि अंड्यांचा हंगाम एकाच वेळी! टोपल्या भरत, आणि सणाला ती अंडी रंगवून वाटली जात. पुण्याच्या बेकऱ्यांत दिसणारं मार्झिपानचं, म्हणजे बदामाची पूड आणि साखरेच्या मिठाईचं अंडं याच परंपरेतलं, फक्त इथे महागड्या बदामाच्या जागी काजू येतो.

ग्रीसमध्ये ईस्टरआधीच्या गुरुवारी, म्हणजे पवित्र गुरुवारी, अंडी लाल रंगवतात. घरगुती रंग म्हणजे कांद्याची सालं, आणि ती आपल्याकडे रोज कचऱ्यात जातात. दहा-बारा कांद्यांची कोरडी सालं लिटरभर पाण्यात अर्धा तास उकळा, गाळा, पूर्ण गार करा. त्यात दोन मोठे चमचे व्हिनेगर घाला. पांढऱ्या कवचाची अंडी त्यात बुडवून मंद आचेवर उकळी आणा आणि पुढे दहा मिनिटं ठेवा. नारिंगी ते विटकरी रंग चढतो. गावरान अंड्याचं कवच मुळातच तपकिरी, त्यावर रंग काळपट दिसतो.

बिघडतं ते ठरलेल्या ठिकाणी. फ्रिजमधलं अंडं उकळत्या पाण्यात टाकलं की बोथट टोकाकडची हवा एकदम फुगते आणि कवच तडकतं. व्हिनेगर जास्त झालं तर कवचातलं कॅल्शियम कार्बोनेट विरघळायला लागतं, बुडबुडे येतात आणि तिथे रंग धरत नाही. बोटांच्या तेलाचे डाग राहतात, म्हणून आधी व्हिनेगरच्या फडक्याने पुसून घ्या. जास्त वेळ उकळलं तर बलकाभोवती हिरवट कडं येतं. ते लोह आणि गंधकाचं संयुग, निरुपद्रवी पण दिसायला वाईट. अगदी ताजं अंडं सोलताना पांढरं कवचाला चिकटून येतं, आठवडाभर जुनं बरं. कोथिंबिरीचं पान कवचावर चिकटवून वर जुन्या नायलॉन मोज्याचा तुकडा घट्ट बांधला, तर पानाची फिकट नक्षी उमटते. युक्रेनचे कारागीर याच तत्त्वाने वितळलेलं मेण ओढून, फिकट रंगापासून गडद रंगाकडे जात, कच्च्या अंड्यावर बाटिकसारखं काम करतात. आणि एप्रिलच्या पुण्यात उकडलेली अंडी शोभेसाठी दिवसभर टेबलावर ठेवू नका. खायची असतील तर तासाभरात फ्रिजमध्ये.

ग्रीक घरांत मग अंड्याला अंडं आपटायची शर्यत लागते. ज्याचं फुटलं नाही तो जिंकला. निमुळतं टोक बोथट टोकापेक्षा जास्त वक्र, त्यामुळे ते जास्त दाब झेलतं. म्हणून तेच टोक पुढे ठेवायचं आणि बाकीचं अंडं मुठीत इतकं झाकायचं की समोरच्याला मारायला जागाच मिळू नये.

पोलंडमध्ये ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, लोक एकमेकांवर बादल्या रिकाम्या करतात. रंगपंचमीची सवय असलेल्या पुणेकराला तिथे काहीच शिकवावं लागणार नाही, फक्त पाणी फार गार असतं.