चामड्याच्या जुन्या बॅगेचा जीर्णोद्धार

वापराने, हवेने किंवा पुराच्या पाण्याने जीर्ण झालेली चामड्याची बॅग पुन्हा हाताळण्याजोगी करण्याचे काम. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत जुन्या घरांच्या माळ्यावर अशा बॅगा अजून निघतात. एखादी फौजेतून निवृत्त होऊन आलेल्या आजोबांची असते, एखादी सांगलीच्या हळद पेठेत दिवाणजी वसुलीला नेत ती. ती नवी दिसावी हा या कामाचा हेतू नव्हे. कातडे आणखी झिजू नये, टाके सुटू नयेत, पट्ट्याने वजन पेलावे, एवढे साधले की पुरे. मुठीवर वर्षानुवर्षांच्या हाताने आलेली काळसर तुकतुकी घासून काढणे म्हणजे बॅगेचे नुकसानच.

आधी कातडे कसे कमावलेले आहे ते पाहावे. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले कातडे कापल्या कडेला आरपार तपकिरी दिसते. क्रोमने (क्रोमियमच्या क्षारांनी) कमावलेल्याची आतली कड बहुधा निळसर राखी असते. सालीने कमावण्याची रीत या भागाला परकी नाही. 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या कोल्हापुरी चपलेच्या क्षेत्रात कोल्हापूर व सोलापूरबरोबर सातारा आणि सांगली हे जिल्हेही आहेत, आणि ती चप्पल अशाच कातड्याची. त्यामुळे जुन्या बॅगेच्या कातड्याचा स्वभाव इथल्या चर्मकार कारागिराला हात लावताच कळतो.

रोग मात्र हवेप्रमाणे बदलतात. महाबळेश्वर-पाटणकडे पावसाळ्यात बॅगेवर बुरशी चढते. माण-खटाव किंवा जत-आटपाडीच्या कोरड्या हवेत कातडे कडक होऊन घडीवर तडकते. बॅगेवर दिसणारा प्रत्येक पांढरा थर बुरशीचाच असतो असे नाही. कातड्यातली चरबी वर येऊनही तसाच थर जमतो. केस वाळवण्याचे यंत्र लांब धरून किंचित ऊब दिली तर चरबी वितळून आत मुरते, बुरशी जशीच्या तशी राहते. बुरशी असेल तर नाकातोंडाला फडके बांधून, घराबाहेर, मऊ ब्रशने झाडावी.

कातडे मुळात आम्लधर्मी, कपड्यांचा साबण अल्कधर्मी; म्हणून साबणाने धुतलेले कातडे पुढे ताठरते. हळद पेठेतल्या बॅगेवर तर हा अपराध लगेच डोळ्यांना दिसतो. शिवणीत बसलेल्या हळदीला साबण लागताच पिवळ्याचे लालभडक डाग होतात. अशी बॅग कोरड्या ब्रशनेच स्वच्छ करावी आणि उरलेला पिवळेपणा राहू द्यावा. तो त्या बॅगेचाच आहे.

सर्वांत जास्त बॅगा बिघडतात त्या मायेने चोपडलेल्या तेलाने. खोबरेल तेल सुमारे 24 अंश सेल्सियसच्या खाली थिजते, त्यामुळे साताऱ्याच्या थंडीत बॅगेवर पुन्हा पांढरट थर उमटतो. जास्त तेलाने कातडे काळवंडते, ढिले पडते आणि धूळ धरते. त्यापेक्षा मधमाशीचे मेण थोड्या तेलात वितळवून केलेले मलम, तेही नखावर मावेल इतकेच, फडक्याने पातळ पसरावे, दुसऱ्या दिवशी कोरड्या फडक्याने पुसावे. एका रोगावर मात्र मेण आणि तेल दोन्ही वर्ज्य. सालीने कमावलेले जुने कातडे कोळशाच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड शोषून आतून आम्लाने कुजते आणि हाताला तांबडी भुकटी लागते. हे कातडे पूर्ववत होत नाही. संग्रहालयांत त्याला अल्कोहोलात विरघळवलेले हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोज (सेल्युलोजपासून केलेले, सुटे कण धरून ठेवणारे द्रव्य) देऊन भुकटी थोपवतात. पाणी किंवा तेल लागले तर असे कातडे कायमचे काळे पडते.

शिवणकाम हा या कामाचा गाभा. मूळ हातशिलाईत मेणवलेल्या एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया असतात आणि दोन्ही एकाच भोकातून समोरासमोर जातात. त्यामुळे एक टाका तुटला तरी शेजारचा धरून राहतो. निसटलेली शिवण पुन्हा घालताना आरी (कातड्याला भोके पाडायचे टोकदार हत्यार) जुन्याच भोकांतून न्यावी. शेजारी नवी भोके पाडली की कातडे पोस्टाच्या तिकिटासारखे त्या रेषेवर फाटते. फाटक्या जागी आतून पातळ ठिगळ द्यायचे, पण त्याच्या कडा रापीने (चांभाराच्या रुंद पात्याच्या हत्याराने) कागदाइतक्या पातळ तासून, नाहीतर बाहेरून वळ उठतो. घाईने लावलेले सोल्युशन (चिकटवायचा रबरी डिंक) बाहेरच्या बाजूला सांडले तर त्याचा डाग पुढे कशानेही निघत नाही.

कृष्णेच्या 2005, 2019 आणि 2021 च्या पुरांनी सांगलीत अनेक घरांतल्या पेट्या आणि बॅगा चिखलात बुडाल्या. अशी बॅग चिखल वाळण्याआधी स्वच्छ पाण्याने विसळावी, आत पांढरे सुती कापड भरून आकार द्यावा (वर्तमानपत्राची शाई उतरते) आणि सावलीत, वाऱ्यावर ठेवावी. चुलीजवळ किंवा उन्हात ठेवली की भिजलेले कातडे आखडते, आणि आखडलेले कातडे पुन्हा सैल होत नाही. कापड ओले झाले की बदलावे. पितळी बकलाभोवती हिरवा मेणचट थर जमला असेल तर तो लाकडी काडीने खरवडावा. चिंच लावून बकल चमकवण्याचा मोह आवरावा, कारण तिचे पाणी बकलाखालच्या पट्ट्यात मुरते आणि पट्टा नेमका तिथेच तुटतो.